फॉर्मातले कुटुंब आणि घरातले कुटुंब



गेल्या महिन्यात मुकुंदवाडीच्या एका विहारात रविवारची वंदना आटोपून आम्ही चहा घेत बसलो होतो. एक उपासिका जवळ येऊन बसल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची चळत. म्हणाल्या, "भाऊ, जरा बघता का एवढं? ह्यांच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापतेत. तरी पोराला नाही म्हणले. असं कसं काय?"

आम्ही कागद पाहिले. ताईंचे पती वाळूजला एका ठेकेदाराकडे कामाला आहेत. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. मोटारसायकलवरून पडला आणि मांडीचे हाड मोडले. वडील कार्ड घेऊन धावले. तिथे कळले की मुलाला एकवीस वर्षे पूर्ण होऊन चार महिने झाले आहेत, आता तो या कार्डावर बसत नाही. पोर वेदनेने ओरडत होते. विचार करायला वेळ नव्हता. रिक्षावाल्याने सांगितलेल्या खासगी दवाखान्यात नेले. बिल झाले सव्वा लाख. थोडे पैसे भिशीतून आले, थोडे पाहुण्यांकडून, आणि उरलेल्यासाठी ताईंच्या गळ्यातली पोत सोनाराकडे गेली.

त्याच पिशवीत तळाशी रेशनकार्ड होते. त्यावर मुलाचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून हे ऑपरेशन कदाचित बिनपैशाचे झाले असते. पण त्या रात्री ते रेशनकार्ड पिशवीतून बाहेर काढा, असे सांगणारे कोणी भेटले नाही.

यात कोणी खोटे बोलले नाही. खिडकीवरच्या माणसाने नियम सांगितला, तो खराच होता. नियमाची तारीख आधी कोणाला ठाऊक नव्हती, एवढेच घडले. म्हणून या वेळी आमच्या या सदरात आम्ही मोठ्या झालेल्या मुलांचा आणि घरातल्या अवलंबून असलेल्या माणसांचा विषय घेतला आहे. आपल्या घरात एक कुटुंब असते आणि सरकारच्या, विमा कंपनीच्या फॉर्मात दुसरेच कुटुंब असते. ही दोन कुटुंबे जिथे जुळत नाहीत, तिथे नेमके आजारपण येते.

आधी हे कार्ड आले कुठून ते पाहू. जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला योजना सुरू झाली. सुरुवातीला उपचार फक्त कामगारालाच मिळत. कुटुंबाला त्यात घेण्यास १९५८ पासून सुरुवात झाली. म्हणजे या कार्डावर बायकामुलांची नावेसुद्धा आपोआप आलेली नाहीत. ती मागाहून आली आहेत. मागाहून आलेली गोष्ट पुढे वाढवताही येते, हे ध्यानात ठेवावे.

आता नियम. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी ही योजना आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार १६ हजार असेल तर तुमचे १२० रुपये आणि मालकाचे ५२०. ठेकेदाराकडच्या कामगारांनी पगाराच्या स्लिपवर ही कपात दिसते का, हे दर महिन्याला बघावे. कपात दिसत असली तरी पैसे खरोखर भरले जातात का, हे आपल्या विमा क्रमांकावरून तपासून घ्यावे.

उपचारासाठी कुटुंबात कोण कोण बसते? नवरा किंवा बायको. अज्ञान मूल, म्हणजे अठरा वर्षांच्या आतले, मग ते पोटचे असो की कायदेशीर दत्तक. त्यानंतर पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असलेले आणि शिक्षण घेत असलेले मूल, पण एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंतच. अविवाहित मुलगी अवलंबून असेल तर तिला वयाची अट नाही. शरीराने किंवा मनाने अपंग असलेले आणि आपल्यावर अवलंबून असलेले मूल, जोवर ते अपंगत्व आहे तोवर, मग वय काहीही असो. ठरवून दिलेल्या मर्यादेत उत्पन्न असलेले अवलंबित आईवडील. आणि कामगार अविवाहित असून त्याचे आईवडील हयात नसतील, तर त्याच्यावर अवलंबून असलेले अज्ञान भाऊ-बहीण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातही ही व्याख्या जवळजवळ अशीच आहे. एक चांगली भर आहे. कामगार स्त्री असेल तर तिच्या अवलंबित सासू-सासऱ्यांनाही त्यात जागा मिळाली आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. मुलगी अठराची झाली की आईबाप समजतात, आता तिचे नाव गेले. तसे नाही. ती अविवाहित असेल आणि कमावत नसेल तर ती कार्डावर राहू शकते. घरात तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी अभ्यास करीत असेल, तर तिचे नाव आजच तपासा.

मुलांच्या बाबतीत मात्र दार एकविसाव्या वाढदिवसाला बंद होते. आता यातली विसंगती पाहा. याच कायद्यात दुसरा एक लाभ आहे. कामावरच्या अपघातात कामगाराचा मृत्यू झाला तर त्याच्या अवलंबितांना पेन्शनसारखी रक्कम मिळते. २०१० च्या दुरुस्तीपासून तिथे मुलाचे वय पंचवीसपर्यंत धरले आहे. म्हणजे बाप मेला तर पोरगा पंचविसाव्या वर्षापर्यंत अवलंबित, आणि बाप जिवंत राहून घाम गाळत असेल तर तोच पोरगा एकविसाव्या वर्षी परका! केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जी आरोग्य योजना आहे, तिच्यात मुलगा कमावता होईपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा पंचवीस वर्षांपर्यंत बसतो. तिकडे अमेरिकेत २०१० च्या कायद्याने मुलांना आईबापांच्या विम्यात सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येते, लग्न झालेले असले तरी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कामगाराचा मुलगा तेवढ्या लवकर कमावता होतो काय? नागसेनवनात जाऊन पाहा. बावीस-तेवीस वर्षांची आपली पोरे एकवेळचा डबा खाऊन अभ्यास करीत असतात. कामगाराच्या मुलाने शिकावे असे वाटत असेल, तर तो शिकत असताना आजारी पडेल हेही धरून चालले पाहिजे. एकवीसचे पंचवीस करा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. तोपर्यंत काय करायचे?

पहिला मार्ग रेशनकार्डाचा. महात्मा फुले योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि २०१७ साली तिला जोतिबांचे नाव मिळाले. शासनाने २०२३ साली निर्णय घेऊन ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली केली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ठरवले. इथे मुलगा एकवीसचा की एकतीसचा, असे विचारत नाहीत. नाव रेशनकार्डावर आहे का, एवढे पाहतात. म्हणून लग्न होऊन आलेल्या सुनेचे, जन्मलेल्या नातवाचे, माघारी आलेल्या लेकीचे नाव रेशनकार्डावर चढवणे हेच आजारपणाच्या तयारीतले पहिले काम. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचे नाव जुळते का, तेही बघावे. एकीकडे भिमराव आणि दुसरीकडे भीमराव, एवढ्यावरूनसुद्धा ऐनवेळी खोळंबा होऊ शकतो. सर्व आजार आणि सर्व दवाखाने योजनेत नाहीत. तेव्हा दाखल होण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. घाटीतही ही योजना चालते. रिक्षावाल्याला विचारण्याआधी आरोग्यमित्राला विचारावे.

दुसरा मार्ग मुलाच्या स्वतःच्या कार्डाचा. मुलगा कुठे कामाला लागला आणि त्याची कपात सुरू झाली, की त्याला स्वतःचा विमा क्रमांक मिळतो आणि उपचाराचा हक्क कामावर लागल्याच्या दिवसापासून सुरू होतो. मग आईवडील अवलंबित असतील तर त्याच्या कार्डावर बसू शकतात. काल बापाच्या कार्डावर लेक होता, उद्या लेकाच्या कार्डावर बाप. म्हणून मुलाने पहिली नोकरी धरली की पगार किती, याच्या जोडीला "ईएसआय कापतात का?" हेही विचारत चला.

तिसरा मार्ग खासगी आरोग्य विम्याचा, ज्याला आपण मेडिक्लेम म्हणतो. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय चालू मुदतीनंतर सुटते. पगारवाढीचे पेढे वाटताना हे कोणाच्या लक्षात राहत नाही. काही कारखाने कायम कामगारांसाठी गट विमा काढतात. तिथे ऑफिसात जाऊन विचारा: माझ्या घरातली कोणकोणती नावे आहेत? मुले किती वयापर्यंत? आईवडील आहेत का? आणि हेही ध्यानात ठेवा की नोकरी सुटली की गट विमाही सुटतो.

आपल्या देशात मेडिक्लेम १९८६ साली आला. गरिबांसाठी म्हणून १९९६ साली जनआरोग्य विमा पॉलिसी निघाली, तिच्यात वर्षाला पाच हजारांचे संरक्षण होते. आज पाच हजारांत तपासण्याही होत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी कंपन्या विकतात. तिच्यात नवरा-बायको, आईवडील, सासू-सासरे आणि तीन महिने ते पंचवीस वर्षे वयाची अवलंबित मुले घेता येतात. पण अट नीट वाचा. मूल अठराच्या पुढे असेल आणि स्वतः कमावू लागले असेल, तर पुढच्या नूतनीकरणाला ते या पॉलिसीतून बाहेर पडते. इतर पॉलिसींतही मुलांची मर्यादा बहुधा पंचवीसच्या आसपास असते आणि लग्न झाले की मूल बाहेर जाते. प्रत्येक कंपनीची अट थोडी वेगळी असते. एजंट तोंडाने काय सांगतो त्यापेक्षा कागदावर 'अवलंबित मूल' याचा अर्थ काय लिहिला आहे, ते पाहावे. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावे. पॉलिसी हातात आल्यावर ती नको वाटली तर तीस दिवसांत परत करता येते.

मूल वयामुळे बाहेर पडणार असेल तर पॉलिसी संपण्याच्या दोन महिने आधी कंपनीला लिहून कळवा की त्याच्या नावाने वेगळी पॉलिसी हवी आहे. असे केले तर आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ त्याच्या खात्यावर धरला जातो. खंड पडला तर सगळे पहिल्यापासून सुरू होते. प्रतीक्षाकाळ म्हणजे काय? आधीपासून असलेला आजार, जसे साखर, दमा, रक्तदाब, यासाठी काही काळ पैसे मिळत नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे. म्हणून आजार लपवू नये. लपवलेला आजार कंपनीने शोधून काढला की दावा नामंजूर होतो आणि भरलेले हप्तेही पाण्यात जातात. सलग पाच वर्षे हप्ते भरले, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनी कारणे उकरून काढता येत नाहीत.

म्हाताऱ्या आईवडिलांना एकत्र पॉलिसीत घेण्याआधी हिशेब करा. एकत्र पॉलिसीत पाच लाख लिहिले असतील तर ते सगळ्यांचे मिळून असतात आणि हप्ता बहुधा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावरून ठरतो. बापाच्या एका ऑपरेशनला रक्कम संपली तर त्या वर्षी मुलांना काही उरत नाही. जमल्यास त्यांची सोय वेगळी करावी. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले आहे. त्यात पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि उत्पन्नाची अट नाही. आजी-आजोबांचे आधारकार्ड घेऊन हे काम लगेच करून टाकावे. एक दिलासा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढून टाकला आहे. कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद मिळाली नाही तर आपल्या भागासाठी पुण्याला विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आता घरातल्या अशा तीन माणसांविषयी लिहायचे आहे, ज्यांना फॉर्म ओळखतच नाही किंवा आपण फॉर्मात लिहायला विसरतो.

पहिली, माघारी आलेली लेक. नवऱ्याने टाकले, किंवा नवरा वारला, आणि पोरगी दोन लेकरांना घेऊन बापाच्या दारी आली. बाप तिला भाकरी देतो, पण कार्डावर घेऊ शकत नाही, कारण कायदा म्हणतो 'अविवाहित मुलगी'. केंद्र सरकारी नोकरांच्या योजनेत विधवा आणि घटस्फोटित अवलंबित मुलगी बसते. कामगाराच्या योजनेत का नाही? १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी उभे राहिलेल्या बाबासाहेबांची आपण लेकरे आहोत. हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. तूर्त तिचे आणि तिच्या मुलांचे नाव सासरच्या रेशनकार्डातून कमी करून इकडे चढवा किंवा तिचे स्वतंत्र रेशनकार्ड काढा. लोकलाजेपोटी हे काम लांबवू नका.

दुसरे, वाढवलेले मूल. भाऊ गेला, त्याचे पोर आपण पोटच्यासारखे वाढवले, शाळेत बापाच्या जागी आपलेच नाव लावले. पण ईएसआय आणि मेडिक्लेम दोन्हीकडे पोटचे किंवा कायदेशीर दत्तक मूलच चालते. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या काही अटी आहेत. साधारणपणे मूल पंधरा वर्षांच्या आतले असावे लागते. म्हणून ते मोठे होण्याची वाट न पाहता जाणत्या वकिलाला विचारावे आणि दत्तकपत्र नोंदवून घ्यावे.

तिसरे, अपंग मूल. ते पंचवीसचे होईल, चाळिसाचे होईल, पण आपल्यावरच अवलंबून राहील. ईएसआयमध्ये त्याला वयाची मर्यादा नाही, मात्र अपंगत्वाचा दाखला हवा. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, वयाची अट नाही आणि आधी वैद्यकीय तपासणीही नाही. असे मूल अठराचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. त्याच्या वतीने सह्या करता याव्यात म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घ्यावे. "आमच्या माघारी याचं कसं होईल?" असे म्हणत रात्री जागणाऱ्या आईबापांनी ही दोन कामे तरी या वर्षी उरकावीत.

वाचकहो, हे सगळे एकदम लक्षात राहणार नाही. म्हणून पुढच्या रविवारी विहारात जाताना चार कागद बरोबर न्या: रेशनकार्ड, ईएसआयचे कार्ड, विम्याची पॉलिसी आणि सर्वांची आधारकार्डे. घरात रोज ताटे किती पडतात ते मोजा आणि प्रत्येक ताटाच्या माणसाचे नाव या चारांपैकी कुठल्या तरी कागदावर आहे का, ते पाहा. जे नाव कुठेच नाही, त्याच्यापासून कामाला सुरुवात करा. विहारातल्या शिकलेल्या पोरांनी महिन्यातून एक रविवार यासाठी द्यावा. वर्षावासात ग्रंथवाचन होते, त्याच्या जोडीला तासभर हे कागदवाचनही व्हावे.

मुकुंदवाडीच्या त्या ताई परवा पुन्हा भेटल्या. पोर आता काठी घेऊन चालते. परीक्षा हुकली, ती पुढच्या खेपेला देणार आहे. पोत अजून सोनाराकडेच आहे. पण ताईंनी एक काम केले आहे. धाकट्या मुलाचा एकविसावा वाढदिवस २०२८ साली येतो. कुणाकडून विसरू नये म्हणून ते वर्ष आणि ती तारीख त्यांनी कपाटाच्या दारावर आतून तेलरंगाने लिहून ठेवली आहे. आणि थोरल्या मुलीचे नाव कार्डावर आहे की नाही हे विचारायला त्या स्वतः जाऊन आल्या. नाव होते, पण अडनाव चुकलेले होते. ते दुरुस्त करायला दिले आहे.

जय भीम!